मोटारीचा उंबरा

मोटारीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक बोनेट उघडून सुरुवात करतात. कोणत्या साली किती अश्वशक्तीचे इंजिन आले, कोणती गाडी ताशी किती मैल पळाली, कोणत्या शर्यतीत कोण जिंकले, असा तो इतिहास चालतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु मोटारीचे आयुष्य संपते ते सहसा इंजिनामुळे संपत नाही. इंजिन उतरवता येते, बोअर करता येते, पिस्टन आणि रिंगा बदलता येतात. अगदीच नाइलाज झाला तर दुसरे बसवता येते. जुनी मोटार मरते ती खालून. पायाखालचा पत्रा जातो, दाराखालचा उंबरा जातो, आणि एके दिवशी गॅरेजवाला जॅक लावतो तेव्हा गाडी वर उचलली जाण्याऐवजी जॅकच पत्र्यातून आत शिरतो.

या मरणातून गाडी परत आणायची असेल तर एक चमत्कारिक विधी करावा लागतो. इंजिन, चाके, काचा, आसने, तारा, सर्व काही उतरवायचे. उरलेला पत्र्याचा सांगाडा पुढून आणि मागून दोन लोखंडी घोड्यांना जोडून अधांतरी टांगायचा, आणि हॉटेलाच्या दारात सळईवर कोंबडी फिरत असते तसा स्वतःभोवती फिरवायचा. परदेशी या साधनाला नावही स्वयंपाकघरातलेच मिळाले आहे : रोटिसेरी, म्हणजे मांस भाजण्याची फिरती सळई. नाव ऐकून हसू येते. पण या सळईची कुळकथा चांगली शंभर वर्षांची आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या कुर्ल्यापर्यंत येतो. ती कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हरकत नाही.

सुरुवात बग्गीपासून केली पाहिजे. पहिल्या पिढीची मोटार म्हणजे घोडा सोडलेली बग्गीच होती. खाली दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ही चॅसी. इंजिन तिच्यावर, चाके तिच्याखाली. माणसांनी बसायची जागा हे त्याहून वेगळे प्रकरण होते. ती लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून करीत आणि बोल्टांनी चॅसीवर बसवीत. १९०८ साली फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी आली तीही याच बांधणीची. रोल्स-रॉइस कंपनी तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिऱ्हाइकाला फक्त चॅसी आणि इंजिन विकत असे. वरचा डौल ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचा. आमच्या संस्थानिकांच्या शिकारीच्या आणि मिरवणुकीच्या गाड्यांचे नाना अवतार झाले ते यामुळेच. गीतेतल्या आत्म्याप्रमाणे चॅसी जुने वस्त्र टाकून नवे परिधान करू शकत असे. युद्धानंतर आपल्याकडे आलेली जीपही याच कुळातली. तिचा वरचा पत्रा सडला तर बोल्ट सोडावेत, पत्रा उचलून बाजूला ठेवावा. खाली चॅसी शाबूत असते.

या पद्धतीत वजन फार, शिवाय रस्ता वाकडातिकडा असला की तुळयांची चौकट पिळवटते आणि वरची दारे कुरकुरतात. चौकटीवर पेटी ठेवण्यापेक्षा पेटीच इतकी मजबूत केली तर चौकट हवी कशाला, हा विचार प्रथम विमानवाल्यांना सुचला. १९१२ साली फ्रान्समध्ये देपर्द्युसाँ नावाचे एक शर्यतीचे विमान झाले. त्याच्या धडाला आतून सांगाडा जवळजवळ नव्हताच, वरचे कवचच सारा भार पेलत होते. अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात, म्हणजे एकच कवच. नारळाची करवंटी हातात घेऊन पाहावी. तिच्या आत खांब नाहीत, तुळया नाहीत. तिचा आकार हीच तिची ताकद. मात्र तिला एकदा तडा गेला की मग ती किती सहज फुटते, हेही आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. पुढच्या सगळ्या कथेचे सार त्या तड्यात आहे.

मोटारीत ही कल्पना प्रथम नीट उतरवली ती तुरिनच्या व्हिन्चेन्झो लान्चाने. त्याच्या वडिलांचा धंदा डबाबंद सुपाचा. मुलाने मोटारीचाच डबा केला. जहाजाचा तळ लाटांवर कसा टिकतो हे पाहून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. १९२२ साली त्याची लाम्ब्दा गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात आली. तिला वेगळी चॅसी नव्हती. होडीसारखा पोलादी पत्र्याचा एकच तळ होता, आणि गाडी इतकी बुटकी की तिच्यात चढण्याऐवजी उतरून बसावे. १९३१ पर्यंत या गाड्या निघाल्या त्या जेमतेम काही हजार. कल्पना उत्तम होती, पण ती हातकामाची होती. पत्रा ढिगांनी दाबून त्याचे हजारो एकसारखे तुकडे काढायचे आणि विजेच्या टाक्यांनी सांधायचे, हे तंत्र अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने वाढवले. ते तंत्र फ्रान्समध्ये आणले आंद्रे सित्रोएनने. १९२४ साली त्याने सबंध पोलादी अंगाची गाडी काढली आणि १९३४ साली चॅसीला रजा दिलेली त्राक्स्याँ आव्हाँ. नव्या यंत्रांच्या आणि साच्यांच्या खर्चाने सित्रोएनचे दिवाळे निघाले, कंपनी मिशेलिनच्या हाती गेली, आणि १९३५ साली तो वारला. त्याची गाडी मात्र १९५७ पर्यंत निघत राहिली आणि सात लाखांहून अधिक खपली. तेवढ्यात सारे जग त्याच वाटेने निघाले होते. १९३५ साली जर्मनीत ओपेल ऑलिम्पिया आली, १९४१ साली अमेरिकेत नॅश ६००. फियाटने १९५० साली १४०० हे मॉडेल असे केले, आणि १९५३ साली दान्ते जाकोसा या अभियंत्याची ११०० ही छोटेखानी गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली.

इथे कथा कुर्ल्याला पोचते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी विमानाचा कारखाना बंगळूरला काढला, जहाजाचा विशाखापट्टणमला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारीची कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. वालचंद १९५३ साली गेले. त्याच वर्षीच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे इथे गाड्या खरोखर बनवणार नाहीत, नुसते आयात केलेले भाग जोडणार, त्यांना या देशात जागा उरली नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाटचा हात धरला आणि १९५४ पासून कुर्ल्याहून फियाट ११०० बाहेर पडू लागली. इटालियनमध्ये तिचे नाव मिलेचेंतो, म्हणजे अकराशे. आमच्या लोकांनी तिचे फुगीर गाल आणि गोल पाठ पाहून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि त्या नावात तुच्छता औषधालाही नव्हती. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी तिची नावे आणि रूपे बदलत गेली. पुढे १९७४ साली ती पद्मिनी झाली. डॉक्टरांची गाडी तीच, नवरा-नवरीची तीच, आणि मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचा वेष घेतल्यावर साऱ्या गावाची तीच.

तिचे एक लक्षण मात्र फारच थोड्या मालकांना ठाऊक होते. तिला चॅसी नव्हती. वरून पाहता ती बग्गीच्याच परंपरेतली भरभक्कम गाडी दिसे. पण तिची हाडे तिच्या कातडीतच होती. पायाखालचा पत्रा, मधला गिअरचा बोगदा, आणि दोन्ही बाजूंना दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची बंद पेटी, यांनी मिळून ती उभी होती. या पेटीला मी उंबरा म्हणतो, कारण गाडीत शिरताना आपण तिच्यावरूनच पाय टाकतो. घराच्या उंबऱ्यावर घर उभे नसते. या गाडीचा उंबरा मात्र खरोखरच घर तोलून धरतो. डुक्कर फियाटमध्ये तर मौज अशी की पुढचे दार आणि मागचे दार, दोन्ही मधल्या खांबालाच टांगलेली असत, आणि तो खांब उभा होता उंबऱ्यावर. उंबरा खाली बसला की खांब कलतो, खांब कलला की दोन्ही दारे एकदम लोंबतात. मालक म्हणतो, बिजागऱ्या झिजल्या. बिजागऱ्या बिचाऱ्या निर्दोष असतात.

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोनच गोष्टी लागतात. मुंबईची खारट हवा त्याला वेग देते. बाहेरच्या पत्र्यावरचा गंज दिसतो, म्हणून आपण तो घासतो आणि रंगवतो. पण जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवून टाके मारलेले असतात त्या फटीत पाणी स्वतःहून शोषले जाते, आणि बंद पेटीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. उंबऱ्याच्या तळाला पाणी निथळायला भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात. मग गंज आतून बाहेर खात येतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागते, त्यामुळे सांधे फुगतात आणि टाके उसवतात. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आत फारसे काही उरलेले नसते.

हे कारखानदारांना कळत नव्हते असे नाही. आणि इथेच सळईची कथा सुरू होते. गंजरोधक रंग बाहेरून फवारला तर पेटीच्या आत पोचत नाही. सांगाडा रंगाच्या हौदात बुडवला तर वरच्या पोकळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तिथे रंग लागत नाही. तेव्हा १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या मोटार कारखान्यांत रोटोडिप नावाची व्यवस्था आली. सांगाड्यातून पुढून मागे एक लांब दांडा घालायचा आणि एकामागून एक हौदांतून तो गोल गोल फिरवत न्यायचा. धुणे, रसायन, पाणी, रंग, सर्व काही. उलटा झाला की हवा निघते, सुलटा झाला की रंग निथळतो. म्हणजे मोटारीला सळईवर प्रथम फिरवले ते तिच्या जन्माच्या वेळी. पुढे विजेच्या प्रवाहाने रंग कोपऱ्याकोपऱ्यात खेचून घेण्याची युक्ती १९६० च्या दशकात फोर्डने रूढ केली, तरी सांगाडा फिरवून बुडवण्याची पद्धत आजही नव्या रूपात चालू आहे. अभियंत्याने रंग आत जावा म्हणून जी गाडी फिरवली, तीच पन्नास वर्षांनी कारागिराला गंज बाहेर काढण्यासाठी फिरवावी लागते. दोघांचे लक्ष एकाच जागेवर असते, आणि ती जागा मालकाने जन्मात पाहिलेली नसते.

आपल्याकडे पूर्वी हे काम खड्ड्यात उतरून किंवा गाडीखाली पाठीवर झोपून होई. डोक्यावर वेल्डिंग करायचे म्हणजे वितळलेले लोखंड ओघळून खाली येणार, ठिणग्या कॉलरीत शिरणार, आणि टाका नीट बसणार नाही तो नाहीच. सांगाडा जुन्या टायरांवर आडवा पाडून काम करण्याची रीतही मी पाहिली आहे. चारपाच माणसे हो हो करीत तो लोटतात, आणि ज्या कुशीवर तो पडतो ती कूस चेपते.

सळईवरचे काम नीट पाहायला मिळाले ते ठाण्यापलीकडच्या एका शेडमध्ये, एका डुक्कर फियाटवर. गाडी मालकाच्या वडिलांची. मुलगा आता स्वतः साठीचा. मला वाटले होते, सांगाडा टांगायचा आणि कापायला लागायचे. पत्र्याचे काम करणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनी तीन दिवस कापाकापीचे नावच काढले नाही. त्यांनी सांगाडा सरळ उभा, चाकांच्या जोडांखाली भक्कम आधार देऊन, पाणसळीत बसवला. मग गवंड्याचा ओळंबा घेऊन तळाचे एकेक ठरावीक भोक जमिनीवर खडूने उतरवले आणि कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे, तर गाडी चौकोनात आहे. एक लांब, तर ती पिळवटली आहे. नंतर दारांच्या चौकटींत चौकोनी पोलादी नळ्या आडव्यातिडव्या टाक्यांनी ठोकल्या. मी विचारले, ‘‘मिस्त्री, आता सळईवर चढवायची ना?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब, उंबरा कुजलेला असताना दोन टोकांना टांगली तर मधे झोल पडेल. वरून चौकट आवळेल, खालून उघडेल. तशात नवा उंबरा जोडला की तो झोल जन्माचा. दार मग कुणाच्या बापाला लागायचे नाही.’’

तेव्हा उंबरे आधी झाले, आणि तेही एका वेळी एकच बाजू. डावीकडचा कापला तेव्हा आतून ओंजळभर तांबडी माती पडली. तीत एक हेअरपिन होती आणि एक जुना पैसा. मालकांनी पैसा खिशात घातला, बोलले काही नाहीत. नवा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा. टाके सलग मारायचे नाहीत. एक इथे, दुसरा हातभर दूर, मग पुन्हा मधे, नाहीतर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट पाहायची. उजवी बाजू पुरी झाली त्या संध्याकाळी मिस्त्रींनी आधाराच्या नळ्या कापल्या आणि मालकांना म्हणाले, ‘‘लावा दार.’’ त्या वेळी शेडमध्ये कोणी काही बोलेना. नळ्यांनी ताणून धरलेला आकार नळ्या गेल्यावर टिकतो का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर दारानेच द्यायचे होते. दार लागले. आवाज एकच आला, जाड, बंद पेटीचा. मालकांनी ते उघडून पुन्हा लावले, आणि तिसऱ्यांदा लावले.

मगच सळई आली. दोन्ही घोड्या चाकांच्या, खालून लांब नळीने एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे त्या फाकणार नाहीत. सांगाडा बांधायचा तो बंपरच्या आधारांच्या जागी, कारण तिथे तळाच्या मुख्य पट्ट्यांची टोके येतात. तीही आधी ठोकून पाहावी लागतात. सर्वांत नाजूक काम अक्ष जुळवण्याचे. सांगाड्याचा गुरुत्वमध्य अक्षाच्या वर राहिला तर तो अंगावर कोलमडतो. फार खाली राहिला तर पाळण्यासारखा मूळ जागी परततो आणि फिरवताना घाम काढतो. घोडीच्या उभ्या दांड्यावर भोकांची ओळ असते. एकेक भोक वरखाली करीत मिस्त्रींनी असे साधले की सांगाडा एका हाताने फिरावा आणि सोडू तिथे थांबावा. मग तो खिळीने अडकवला. सहा दशकांनंतर प्रथमच गाडीच्या पोटावर ऊन पडले. उभ्याने, डोळ्यांसमोर, सपाटीवर वेल्डिंग होऊ लागले; टाका गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध नव्हे, त्याच्या मदतीने बसू लागला. पूर्वीच्या कारागिरांनी गाडीखाली लांबीचे थर भरून झाकलेली भोकेही उघडी पडली. शेवटी सांधे भरले, जस्ताचा अस्तर रंग लावला, आणि पेट्यांच्या पोटात पातळ मेण सोडून सांगाडा सावकाश पुरता फिरवला, म्हणजे मेण प्रत्येक फटीत वाहावे. रोटोडिपचीच ती घरगुती आवृत्ती.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ब्रिटनमध्ये एमजीबी गाडीच्या मालकाला हा प्रश्न इतका छळत नाही. ती गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक झाली, आणि १९८८ पासून मूळ साच्यांवरून दाबलेला तिचा कोरा सांगाडा विकत मिळू लागला. कुर्ल्याच्या फियाटला असा नवा देह मिळत नाही. जे आहे तेच कापून, सांधून जगवायचे. आणि जे आहे तेही वेगाने संपत आले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा पडली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्यांतल्या कित्येक तुकड्यातुकड्यांनी कुर्ल्याच्याच भंगारबाजारात गेल्या. जन्म जिथे, अंत्यसंस्कारही तिथेच. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट निघाली आहे. कोणता पत्रा कोणत्या पत्र्याखाली जातो, उंबऱ्याच्या आत आणखी कोणती पट्टी असते, दाराची फट किती ठेवावी, हे ज्ञान पुस्तकात उतरलेले नाही. ते मिस्त्रींच्या हातात आहे, आणि त्यांच्या शेडमध्ये हाताखाली जो एक पोरगा आहे तो मोबाइलच्या दुकानात जाण्याच्या गोष्टी बोलतो.

मग इतका पत्रा बदलल्यावर ती गाडी तीच राहते का? हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला नाही, कारण उत्तर आपल्या घरात आहे. आजीच्या गोधडीला आईने ठिगळ लावलेले असते, आईच्या ठिगळावर आपण लावतो, आणि थंडीत कुणी विचारीत नाही की मूळ कापड किती उरले. गोधडी जुनी राहते ती कापडाने नाही, तिची घडी न मोडल्याने. मोटारीचेही तसेच. पत्रा नवा असो. दोन कर्ण सारखे आहेत, खांब ओळंब्यात आहे आणि दार पूर्वीच्या आवाजात लागते आहे, तोवर ती बापाची गाडी आहे.

जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत लोक चकाकणारे बंपर पाहतील, रंगाची वाहवा करतील, मुलांना शेजारी उभे करून फोटो काढतील. खाली वाकून कोणी पाहणार नाही. पाहायचेही कारण नाही. उंबऱ्याचे काम चांगले झाले याची खूण एवढीच, की त्याच्यावरून पाय टाकून माणसे आत बसतात आणि कुणाला त्याची आठवण होत नाही.